निळ्यांचा संघ, लाल जर्सी : कार्डिफ सिटीच्या रंगबदलाचा प्रकरण अभ्यास

जून २०१२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबने शंभर वर्षे वापरलेला निळा रंग सोडून लाल जर्सी घेतली. जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. मधल्या अडीच वर्षांत हा संघ इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, एका हंगामात तिथून खाली आला, त्याचे प्रशिक्षक बदलले आणि ज्या स्टँडमध्ये एकाच संघासाठी गाणारी माणसे शेजारी-शेजारी उभी राहत, तिथे दोन तट पडले.

क्लब, मालक आणि प्रशिक्षक यांची नावे सर्वांना माहीत आहेत, म्हणून ती इथे घेतली आहेत. समर्थकांची नावे मात्र कुठेही नाहीत. त्यांची मते भूमिका म्हणून मांडली आहेत. या प्रकरणाकडे बहुतेक वेळा 'हट्टी परदेशी मालक विरुद्ध भाबडे स्थानिक' असे पाहिले जाते. मला ते अपुरे वाटते. इथली अवघड बाब अशी, की लाल रंगाला होकार देणारे हजारो लोक तितकेच जुने आणि तितकेच निष्ठावान समर्थक होते. त्यांनी होकार का दिला हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

## पार्श्वभूमी

क्लबची स्थापना १८९९ ची. रिव्हरसाइड क्रिकेट क्लबचे खेळाडू हिवाळ्यातही एकत्र राहावेत म्हणून बार्टली विल्सन या लिथोग्राफरने फुटबॉल संघ काढला. त्या पहिल्या संघाची जर्सी निळी नव्हती, चॉकलेटी आणि अंबर रंगाच्या चौकड्यांची होती. १९०८ मध्ये 'कार्डिफ सिटी' हे नाव मिळाले, १९१० मध्ये संघ व्यावसायिक झाला आणि निनियन पार्कवर खेळू लागला. निळा रंग याच सुमाराचा. १९११ मध्ये शहरात 'द ब्लू बर्ड' हे नाटक झाले आणि त्यावरून संघाला 'ब्लूबर्ड्स' हे टोपणनाव पडले, असे मानले जाते.

म्हणजे निळा हा जन्माचा रंग नव्हे. लाल रंगाच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा पुढे करत आणि तो खराही होता. फरक इतकाच की १९१० मध्ये चॉकलेटी-अंबर जर्सीला चिकटलेली आठवण जेमतेम दहा-अकरा वर्षांची आणि एका वस्तीपुरती होती. निळ्याला चिकटलेली आठवण वेगळ्या तोलाची होती. २३ एप्रिल १९२७ रोजी वेम्बलीवर कार्डिफने आर्सेनलला १-० ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लिश फुटबॉलचा सर्वांत जुना चषक, जिंकला. गोल ह्यूई फर्ग्युसनच्या नावावर आहे. हा चषक इंग्लंडबाहेर जाण्याची ती एकमेव वेळ, आजवरची. त्या दिवशी आर्सेनल लाल रंगात होते आणि कार्डिफ निळ्यात. मार्च १९७१ मध्ये निनियन पार्कवर रेआल माद्रिदला १-० ने हरवले, तेव्हाही घरचा रंग तोच. ज्यांच्या आजोबांनी यातले काही पाहिले, त्यांच्या घरात निळा रंग वारशाने आला होता.

आजूबाजूचे रंगही ध्यानात घ्यायला हवेत. पश्चिमेला पक्का वैरी स्वान्सी, पांढरा. सेव्हर्न खाडीपलीकडचा वैरी ब्रिस्टल सिटी, लाल. वेल्सचा राष्ट्रीय संघही लाल. आणि शहरातला व्यावसायिक रग्बी संघ त्या काळात नावानेच 'कार्डिफ ब्लूज' होता. दक्षिण वेल्सच्या नकाशावर या शहराची जागा निळ्या रंगाची होती.

आता पैशाची बाजू. २००० नंतरच्या दशकात क्लब कर्जात रुतलेला होता. लँगस्टन नावाच्या कंपनीचे जुने कर्ज डोक्यावर होते. कर थकल्यामुळे क्लब गुंडाळण्याचे अर्ज न्यायालयात दाखल झाले होते. २००९ मध्ये नवे मैदान उभे राहिले, तरी देणी संपली नाहीत. २०१० मध्ये मलेशियातले गुंतवणूकदार आले. त्यांत व्हिन्सेंट टॅन हे प्रमुख होते. त्यांच्या पैशावर क्लब तगला, हे निळ्याचे कट्टर पाठीराखेही नाकारत नसत.

मैदानावर संघ दरवर्षी दारापर्यंत जाऊन परत येत होता. २०१० मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे प्रीमियर लीगमधल्या शेवटच्या जागेसाठीच्या सामन्यांच्या, अंतिम फेरीत ब्लॅकपूलकडून ३-२ ने हार. २०११ मध्ये उपांत्य फेरीत रेडिंगकडून. २०१२ मध्ये उपांत्य फेरीत वेस्ट हॅमकडून, दोन सामने मिळून ५-० ने. त्याआधी फेब्रुवारी २०१२ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलकडून पेनल्टीवर. १९६२ पासून पहिल्या श्रेणीबाहेर असलेल्या समर्थकांची सहनशक्ती किती ताणली गेली असेल, हे या यादीवरून कळते. रंगाचा प्रश्न नेमका या थकव्यात आला.

## प्रश्न

मे २०१२ च्या सुरुवातीला एक आराखडा बाहेर फुटला. घरच्या सामन्यांची जर्सी लाल होणार आणि बोधचिन्हात निळ्या पक्ष्याऐवजी लाल ड्रॅगन मुख्य होणार, असे त्यात होते. कारण असे दिले गेले की आशियाई बाजारपेठेत लाल रंग चालतो, तिथे तो शुभ मानला जातो आणि ड्रॅगन तर वेल्सचाही आहे.

संताप इतका झाला की काही दिवसांतच क्लबने हा विचार सोडून दिल्याचे जाहीर केले. पण त्या घोषणेसोबत गुंतवणुकीच्या योजनेवरही फेरविचार होईल असे सूचित केले गेले. वृत्तपत्रांत १० कोटी पौंडांच्या योजनेची चर्चा होती : जुने कर्ज मिटवणे, मैदान वाढवणे, सराव केंद्र उभारणे, खेळाडू घेणे.

इथे प्रश्नाचे रूपच बदलले. 'लाल आवडेल का?' हा प्रश्न बाजूला पडला आणि 'लाल नको असेल तर क्लब टिकेल का?' हा पुढे आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समर्थकांनी आपल्या मनाप्रमाणे दिले असते. दुसऱ्याचे उत्तर त्यांना भीतीने द्यावे लागले.

## समर्थकांच्या भूमिका

या प्रकरणाचे वृत्तांत वाचताना समर्थकांची मते दोन गटांत कोंबली जातात. प्रत्यक्षात चार तरी भूमिका स्पष्ट दिसतात आणि एकच माणूस दोन हंगामांत एकीतून दुसरीत गेलेलाही दिसतो.

पहिली भूमिका नकाराची. रंग गेला की क्लब गेला, पैसा कितीही येवो. या मंडळींपैकी काहींनी सीझन तिकीट घेणे बंद केले. बाहेरून हा अतिरेक वाटतो. पण फुटबॉल क्लबच्या बाबतीत समर्थकाच्या हाती उरते तरी काय, ते पाहा. खेळाडू तीन वर्षांत जातात, प्रशिक्षक त्याहून लवकर. मालक बदलतो, मैदानही बदलते. निनियन पार्क २००९ मध्ये गेलेच होते. नाव, रंग आणि बोधचिन्ह एवढ्याच तीन गोष्टी आजोबा आणि नातू यांच्यात सारख्या राहतात. त्यांतल्या दोन एका उन्हाळ्यात गेल्या.

दुसरी भूमिका व्यवहाराची. क्लब बंद पडला तर निळा रंग कुठे घालणार? ही माणसे लालवर खूश नव्हती. त्यांनी न्यायालयातले अर्ज पाहिले होते आणि त्यांना पुन्हा त्या दारात जायचे नव्हते. माघारीच्या घोषणेनंतर मालकांनी निघून जाऊ नये असे उघडपणे म्हणणारे समर्थक बरेच होते. त्यांना नंतर 'विकले गेलेले' म्हटले गेले. हे मला या प्रकरणातले सर्वांत अन्यायाचे वाटते. त्यांनी काहीही विकले नव्हते; क्लब वाचवण्याची त्यांना दिसलेली एकमेव वाट त्यांनी धरली होती.

तिसरी भूमिका मधली आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. संघाला लाल घालू दे, मी निळाच घालणार. सीझन तिकीट चालू, पण अंगावर जुनी जर्सी, गळ्यात निळा स्कार्फ. त्यामुळे घरच्या सामन्यांत विचित्र दृश्य दिसे : मैदानात लाल संघ आणि त्याच्यासाठी ओरडणारा निळा स्टँड. समोरचा संघ लाल असला की कार्डिफला बाहेर निळी 'अवे' जर्सी घालावी लागे. म्हणजे आपल्या रंगातला आपला संघ पाहायचा तर घर सोडून जावे लागत होते.

चौथी भूमिका 'ते एवढे काय' अशी. यात नवे प्रेक्षक होते, लहान मुले घेऊन येणारे पालक होते आणि वेल्सचा लाल रंग मनापासून आवडणारेही होते. ड्रॅगन आपलाच, मग राग कशाचा? हा युक्तिवाद फोल नव्हता. पण देशाचा रंग हा प्रत्येक वेल्श माणसाचा, स्वान्सीच्या समर्थकाचाही. क्लबचा रंग हवा असतो तो नेमका शेजाऱ्यापासून वेगळे दिसण्यासाठी.

## समोर असलेले पर्याय

मालकांसमोर जून २०१२ मध्ये निदान चार वाटा होत्या.

निळा तसाच ठेवून गुंतवणूक करणे, ही सर्वांत साधी. दुसरी, लाल 'अवे' किंवा तिसरी जर्सी काढून आशियात तीच पुढे करणे. समर्थक घरच्या रंगाबाबत जेवढे हळवे असतात, तेवढे बाहेरच्या जर्सीबाबत नसतात. तिथे पिवळा, काळा, हिरवा काहीही चालून जाते. तिसरी, समर्थक संघटनांशी आधी वाटाघाटी करून बोधचिन्हात ड्रॅगनला जागा देणे आणि जर्सीला हात न लावणे. आणि चौथी, घरची जर्सी, बोधचिन्ह आणि प्रचारमोहीम असे सगळे एकदम लाल करणे.

निवडली गेली ती चौथी. निळ्याला 'अवे' जर्सी म्हणून ठेवले आणि पक्षी बोधचिन्हाच्या तळाशी लहान करून बसवला. हा क्लबच्या दृष्टीने समझोता होता. समर्थकांच्या दृष्टीने मात्र घरच्या मालकाला पाहुण्यांच्या खोलीत हलवल्यासारखे होते.

नियमांकडेही पाहिले पाहिजे. इंग्लिश फुटबॉलमध्ये क्लबचे नाव बदलायला फुटबॉल असोसिएशनची मंजुरी लागत असे. रंग बदलायला तशी अडवणूक नव्हती. याच काळात हल सिटीचे मालक आसेम अल्लाम यांना क्लबचे नाव 'हल टायगर्स' करायचे होते. एप्रिल २०१४ मध्ये एफए कौन्सिलने अर्ज फेटाळला आणि २०१५ मध्ये पुन्हा फेटाळला. हलच्या समर्थकांच्या मागे एक नियम उभा होता. कार्डिफच्या समर्थकांच्या मागे कोणताच नव्हता. दोन्ही क्लबांच्या गोष्टी वेगवेगळ्या वळणाने गेल्या, त्याचे मोठे कारण मला इथे दिसते.

## काय केले गेले

६ जून २०१२ रोजी क्लबने लाल रंग पक्का केला. ऑगस्टमध्ये पहिला घरचा सामना हडर्सफील्डविरुद्ध झाला आणि कार्डिफने तो जिंकला. मग हंगामभर जिंकत गेले. एका सामन्यात प्रेक्षकांना लाल स्कार्फ मोफत वाटण्यात आले. १६ एप्रिल २०१३ रोजी चार्लटनविरुद्ध ०-० बरोबरी झाली आणि प्रीमियर लीगची जागा नक्की झाली. प्रशिक्षक मॅल्की मॅके यांच्या या संघाने ८७ गुणांसह चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरी श्रेणी, जिंकली. ५१ वर्षांची वाट संपली आणि ती लाल जर्सीत संपली.

त्या संध्याकाळी मैदानात उतरलेल्या अनेक समर्थकांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, हे परक्याला पुरते कळणार नाही. आयुष्यभर पाहिलेले स्वप्न पुरे झाले, आणि फोटोत मात्र आपला रंग नाही.

मालकांनी या यशाचा अर्थ असा लावला की लाल फळला. पुढच्या हंगामाची सुरुवातही चांगली झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये घरच्या पहिल्या प्रीमियर लीग सामन्यात मँचेस्टर सिटीला ३-२ ने हरवले. नोव्हेंबरमध्ये स्वान्सीला १-० ने. पण आतून बिनसत चालले होते. ऑक्टोबरमध्ये खेळाडू-भरतीचे प्रमुख पदावरून गेले. २७ डिसेंबरला मॅके यांना काढले. जानेवारी २०१४ मध्ये ओले गुन्नार सोल्स्कयार आले. मे महिन्यात संघ ३० गुणांसह तळाशी राहून खाली गेला.

विरोध खरा पेटला तो आता. जिंकणारा लाल संघ ज्यांनी गिळला होता, त्यांना हरणारा लाल संघ गिळेना. 'ब्लूबर्ड्स युनाइट' या नावाखाली समर्थक एकत्र आले. मोर्चे निघाले. घड्याळात १९ मिनिटे २७ सेकंद झाली की निळे स्कार्फ उंचावून 'आम्ही निळेच राहू' अशा अर्थाचे गाणे म्हणायचे, ही त्यांची पद्धत होती. वेळ १९२७ च्या चषकावरून निवडलेली. या निषेधात कुणाला शिवी नव्हती, खेळ अडवणे नव्हते. त्यात घरात बसून ऐकणाऱ्या समर्थकालाही सामील होता येत होते आणि सामन्याला न आलेल्या माणसालाही त्याचा अर्थ लगेच कळत होता. समर्थकांच्या चळवळीत इतके नेमके हत्यार फार क्वचित पाहायला मिळते.

मग खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. २०१४ मध्ये निनियन स्टँडवर नवा मजला उभा राहिला होता, निळ्या खुर्च्यांच्या मैदानात लाल खुर्च्यांचा. प्रेक्षकच इतके घटले की तो पुढे बंद ठेवावा लागला. २ जानेवारी २०१५ रोजी एफए कपमध्ये कोलचेस्टरविरुद्धचा सामना पाहायला जेमतेम चार हजारांवर माणसे आली. कार्डिफ जिंकले, पण त्या दिवशी खरी बातमी रिकाम्या स्टँडची होती.

आठवडाभरात, ९ जानेवारीला, क्लबने निळा परत येत असल्याचे जाहीर केले. टॅन यांनी आपल्या निवेदनात एकोपा आणि आनंद यांचे महत्त्व सांगणाऱ्या आपल्या आईचा उल्लेख केला. दुसऱ्याच दिवशी फुलहॅमविरुद्ध संघ निळ्यात उतरला आणि १-० ने जिंकला. हंगामाच्या मध्यावर, एका रात्रीत हे जमले ते निळी जर्सी 'अवे' म्हणून तयारच होती म्हणून. घरची आणि बाहेरची यांची अदलाबदल केली की झाले.

## फलित

मार्च २०१५ मध्ये नवे बोधचिन्ह आले. निळा पक्षी मध्यभागी, ड्रॅगन लहान होऊन खाली. समर्थक बरेचसे परतले, पण सगळे नाहीत. ज्यांनी शनिवारची दुपार दुसऱ्या कशात घालवायची सवय लावून घेतली, त्यांना रंगाची घोषणा परत आणू शकली नाही.

मालक बदलले नाहीत. हे विसरले जाते, पण माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत आशादायक गोष्ट तीच आहे. ज्या माणसाने रंग नेला, त्यानेच तो परत दिला आणि क्लबही चालवत राहिला. २०१८ मध्ये नील वॉरनॉक यांच्या हाताखाली कार्डिफ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये गेले, या वेळी निळ्या रंगात आणि ९० गुणांसह. लालमुळे बढती मिळाली या समजुतीला याहून सरळ उत्तर नको. २०१९ मध्ये संघ पुन्हा खाली आला, तोही निळ्यातच. हार-जीत रंगाची नव्हती.

ज्या पैशासाठी हे सगळे झाले, त्याचा हिशेबही मांडून पाहावा. २०१३-१४ मध्ये तळाला राहिलेल्या कार्डिफला प्रीमियर लीगकडून सुमारे ६ कोटी २० लाख पौंड मिळाले. ही रक्कम मुख्यतः प्रक्षेपण हक्कांची. तिचा मोठा भाग सर्व क्लबांना सारखा मिळतो, उरलेला लीगमधली जागा आणि दाखवलेले सामने यांवर ठरतो. जर्सी लाल असो की निळी, तेवढीच मिळते. एका जर्सीमागे क्लबच्या हाती १० पौंड उरतात असे धरले, तर एवढा पैसा मिळवायला ६२ लाख जर्सी विकाव्या लागतील. आशियातला कोणता चाहता केवळ रंग पाहून वेल्समधल्या एका संघामागे उभा राहणार होता? तिथे मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल हे दोन लाल क्लब कित्येक दशके घट्ट बसलेले आहेत. त्या गर्दीत तिसरा लाल संघ वेगळा दिसणार तरी कसा?

## निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा मे २०१२ मधल्या माघारीचा. विचार सोडला असे जाहीर करून महिनाभरात तोच अमलात आणला, यात विश्वासाचे जे नुकसान झाले ते रंगाच्या नुकसानाहून मोठे होते. त्या महिन्यात समर्थकांसमोर कर्जाचे आकडे उघडे करून बसता आले असते. लाल 'अवे' जर्सीचा पर्याय वर्षभर चालवून पाहता आला असता. आशियात खरेच मागणी आहे का, हे त्यातून स्वस्तात कळले असते.

एव्हर्टनचे उदाहरण इथे उपयोगी पडते. २०१३ मध्ये त्या क्लबने बोधचिन्ह बदलले आणि वीस हजारांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. क्लबने माफी मागितली, एक हंगाम ते चिन्ह निभावून नेले आणि पुढच्या हंगामासाठी समर्थकांच्या मतदानातून नवे निवडले. प्रकरण तिथेच मिटले. तिथे वाद चिन्हाचा होता, जर्सीचा नव्हता, म्हणून तुलना तंतोतंत बसत नाही. पण चुकीनंतरचे पहिले काही आठवडे कसे वापरावेत, ते त्यातून नीट दिसते.

दुसरा टप्पा एप्रिल-मे २०१३ चा. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी हुकलेली संधी हीच. बढती मिळाली होती, शहर आनंदात होते, मालकांबद्दल कृतज्ञता होती. त्या आठवड्यात 'प्रीमियर लीगमध्ये निळ्यात जाऊ' एवढे एक वाक्य बोलले गेले असते, तर टॅन या क्लबच्या इतिहासातले सर्वांत लाडके मालक ठरले असते. देणारा वरचढ असताना दिलेली गोष्ट भेट म्हणून घेतली जाते. तीच गोष्ट जानेवारी २०१५ मध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर दिली, तेव्हा अनेकांनी ती शरणागती म्हणून पाहिली.

तिसरा टप्पा समर्थकांचा स्वतःचा. जून २०१२ मध्ये त्यांच्या संघटना विखुरलेल्या होत्या आणि एकमेकांवर चिडलेल्या होत्या. त्याच काळात स्वान्सीत समर्थकांच्या ट्रस्टकडे क्लबचा सुमारे पाचवा हिस्सा होता आणि संचालक मंडळात त्यांचा माणूस बसत होता. कार्डिफचा समर्थक हे स्वतःशीसुद्धा कबूल करणार नाही, पण या बाबतीत वैऱ्याचे घर जास्त नीट बांधलेले होते. मंडळात एक आवाज असता, तर आराखडा बाहेर फुटण्याआधीच त्यावर बोलणे झाले असते.

रंग बदलूच नयेत असेही नाही. लीड्सने १९६१ मध्ये डॉन रेव्ही यांच्या काळात निळा-सोनेरी सोडून पांढरा घेतला आणि आज पांढऱ्याशिवाय लीड्स डोळ्यांसमोर येत नाही. क्रिस्टल पॅलेसने १९७३ मध्ये रंग बदलले, तेही रुजले. पण तिथे बदल फुटबॉलच्या माणसांनी, संघाला नवी उमेद द्यावी म्हणून केला होता आणि क्लब वाचवण्याची अट त्याला जोडलेली नव्हती. दुसऱ्या टोकाला साल्झबर्ग आहे. २००५ मध्ये रेड बुलने तिथला क्लब घेतला आणि जांभळा-पांढरा रंग काढला. जुन्या समर्थकांनी आपला वेगळा क्लब काढला आणि २००६ मध्ये सातव्या श्रेणीपासून सुरुवात केली. कार्डिफमध्ये तसे फाटले नाही, कारण निळा वेळेत परत आला.

२०२१ मध्ये ब्रिटिश खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या इंग्लिश फुटबॉलच्या सरकारी समीक्षेने क्लबचा वारसा जपण्यासाठी समर्थकांना नकाराधिकार द्यावा अशी शिफारस केली. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानुसार क्लबला घरच्या जर्सीचा मुख्य रंग किंवा बोधचिन्ह बदलायचे असेल, तर इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुसंख्य समर्थकांचा त्याला पाठिंबा आहे हे आधी पाहावे लागते. कार्डिफसारख्या क्लबला २०१२ मध्ये हे संरक्षण हवे होते, असे सहज म्हणता येईल.

पण जून २०१२ ची परिस्थिती नीट आठवावी. कर्ज डोक्यावर, न्यायालयातल्या अर्जांची आठवण ताजी, १० कोटी पौंडांची योजना अधांतरी. त्या आठवड्यात मतदान घेतले असते तर लाल जिंकला असता, असे मला वाटते. थोड्या फरकाने, जड मनाने, पण जिंकला असता. मग जानेवारी २०१५ मध्ये निळा परत मागणाऱ्यांना 'तुमच्याच बहुमताने ठरले' असे उत्तर मिळाले असते आणि ते खोडून काढणे त्यांना फार कठीण गेले असते. त्यामुळे मतदानाआधी दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात : क्लबचे ताळेबंद समर्थकांसमोर खुले असणे आणि गुंतवणुकीचा निर्णय रंगाच्या प्रश्नाआधी, त्याच्यापासून वेगळा, लेखी जाहीर झालेला असणे.